दिवा विझवणारा मिस्त्री

डॅशबोर्डच्या काचेवर दोन बोटं ठेवायची, दुसऱ्या हातानं चावी फिरवायची, एअरबॅगचा लाल दिवा लागून विझला की बोटं उचलायची आणि गिऱ्हाइकाकडे वळून म्हणायचं, "इझला का न्हाई? विषय संपला." हे तो अशा थाटात करायचा, की बघणाऱ्याला वाटावं, दिवा याच्या बोटांना घाबरूनच विझला.

परभणीत जिंतूर रोडला त्याचं आणि माझं दुकान समोरासमोर होतं. दोघंही गाड्यांच्या वायरिंगची कामं करणारे. मी जे सांगणार आहे त्यात तुम्हाला धंद्यातली चढाओढ दिसली, तर खुशाल दिसू द्या. मला तो माणूस तेव्हाही आवडत नव्हता, आजही आवडत नाही.

पांढरा शर्ट घालून गॅरेजात येणारा मिस्त्री तुम्ही पाहिलाय का? हा यायचा. त्या शर्टाला कधी डाग पडला नाही, कारण बंपर खोलून चिखलात हात घालणं त्याला कमीपणाचं वाटायचं. बॉनेटवर तळहात ठेवून तो नाडी बघितल्यासारखे डोळे मिटायचा आणि निदान सांगायचा, "सेन्सर थकलाय."

सेन्सर थकत नाही हो. तो पुढच्या बंपरमागं बसलेला असतो. गाडी समोरून आदळली, की आतल्या पेटीला कळवायचं, एवढंच त्याचं काम. मग ती पेटी एअरबॅग फुगवते. सेन्सरच्या वायरीत पाणी शिरलं किंवा पिन गंजली, की तीच पेटी लाल दिवा लावून सांगते, बाबा, आता माझ्या भरवशावर राहू नको. दिवा म्हणजे तिचं तोंड. आमच्या समोरच्या शहाण्यानं आयुष्यभर फक्त ते तोंड दाबलं.

झरीच्या एका मॅडम त्याच्याकडे जायच्या. चारठाण्याला शाळेत शिकवायच्या. सासरी शेती आणि थोडी मेंढरं. जुनी गाडी घेतली होती, ती स्वतःच चालवायच्या. एकदा पाणंदीच्या चिखलातून गाडी गेली आणि तेव्हापासून लाल दिवा विझेना. त्यांनी त्याला माझ्यादेखत विचारलं होतं, "दिवा विझला म्हणजे दुरुस्त झालं ना?"

"मॅडम, लेकीसारख्या हाव तुमी. तुमाला खोटं सांगीन का?"

चहा येऊन पिऊन होईपर्यंत त्यानं काम उरकलं.

पुढं त्या हॉर्नसाठी माझ्याकडे आल्या. मी चावी फिरवली, इंजिन सुरू केलं, आणि बघतच राहिलो. इंजिन सुरू झालं की ऑईलचा दिवा विझतो. त्याच क्षणी, अगदी जोडीनं, एअरबॅगचा दिवाही विझला. त्यानं एअरबॅगच्या दिव्याची वायर पेटीपासून तोडून ऑईलच्या दिव्याला जोडली होती. पेटी बिचारी आत ओरडत असणार, पण बाहेर कुणाला ऐकू येणार नव्हतं.

मी मॅडमना सांगितलं. त्या हसल्या. "तुमचं दोघांचं जमत नाही, हे सगळ्या रोडला माहीतंय," म्हणाल्या आणि गेल्या.

मी रस्ता ओलांडून त्याच्या दुकानात गेलो. "अरे, उद्या ती गाडी धडकली तर?"

तो सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "धडकली तर तिचं नशीब. दिवा लागला तर माझं गिऱ्हाईक तुटतंय. मी कशाची काळजी करू, तूच सांग."

मी रस्ता ओलांडून परत आलो.

मॅडम एक दिवस सेलूला निघाल्या होत्या. देवगाव फाट्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली अचानक आडवी आली. पट्टा लावलेला होता म्हणून जीव वाचला. पण तोंड स्टीअरिंगवर आदळलं, जबडा मोडला. एअरबॅग जागची हलली नाही.

मॅडमच्या घरच्यांनी चेपलेली गाडी ओढून माझ्या दुकानाशी आणून ठेवली. सकाळी कुलूप काढायला आलो, तर गाडीचं दार उघडं आणि आतून दोन पाय बाहेर आलेले. पांढऱ्या शर्टातला आमचा मिस्त्री स्टीअरिंगखाली उताणा पडून पक्कड चालवत होता. स्वतः जोडलेली वायर काढून न्यायला आला होता. चिखलात न जाणारा माणूस त्या काचांच्या चुऱ्यात पाठीवर झोपला होता.

मी त्याचं मनगट धरलं.

"सोड. तुझं काय जायलंय?" तो कुजबुजला.

तेवढ्यात मॅडमचे सासरे आले. खांद्यावर घोंगडी, डोळे जागरणानं लाल. त्यांनी विचारलं, "काय काढायलाय तिथून?"

तो बाहेर येऊन शर्टावरच्या काचा झटकू लागला. मीच ती वायर दाखवली आणि काय केलं होतं ते सांगितलं. म्हाताऱ्यानं ती बोटानं चाचपली. मला वाटलं, आता हात उगारतील. ते एवढंच म्हणाले, "चल दवाखान्यात. माझ्या सुनंला तूच सांग."

मीही सोबत गेलो. खरं सांगतो, त्याची फजिती बघायलाच गेलो. मॅडमचा जबडा तारांनी बांधलेला, बोलता येत नव्हतं. हा पलंगापाशी उभा राहिला आणि एक शब्द न बोलता मोठमोठ्यानं रडायला लागला. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं उठून बसली. मला त्या रडण्याचीही किळस आली. कबूल करायचं टाळायला माणूस रडूही शकतो. शेवटी सासऱ्यांनीच सगळं सांगितलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले. बऱ्याच वेळानं उघडले, तरी याचं रडणं चालूच. त्यांनी उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला उचलला आणि त्याच्यापुढं धरला.

आणि तो ते पाणी प्यायला. सगळं.

नंतर मी ती गाडी नीट तपासली. सेन्सर धडधाकट होता. फक्त जोडणीतली एक पिन गंजून हिरवी झाली होती. पिन बदलायची, जोडणी साफ करायची, की झालं. त्यानं केलेल्या लबाडीला याच्या दुप्पट कारागिरी लागली होती. आणि त्याचा तो सांधा! कथलाचा डाख इतका सुबक, पट्टी अशी एकसारखी गुंडाळलेली, की कारखान्यातून तसाच आला म्हणावं. असा हात आमच्या रोडला दुसऱ्या कुणाचा नाही. माझाही नाही. म्हणून तर त्याचा जास्त राग येतो. एअरबॅग उघडली असती तर जबडा वाचलाच असता, असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण वाचायची संधी त्या सुंदर हातानं काढून घेतली होती.

सासऱ्यांनी तक्रार केली, गावोगाव बोभाटा झाला, गिऱ्हाईक तुटलं. एक दिवस टेम्पोत सामान भरून तो बायकापोरांसह निघून गेला. कुठं, ते मी विचारलं नाही. निघताना तो माझ्या दारात क्षणभर थांबला होता. मी गाडीखाली होतो. मला त्याची चप्पल दिसली. मी बाहेर आलो नाही.

परवा पाथरीकडचा एक शेतकरी गाडी घेऊन आला. त्याच्या दुकानाच्या बंद शटरसमोर बराच वेळ उभा राहिला, मग रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. "हितले मिस्त्री कुठं गेले हो? लय गुणी माणूस. दोन वर्सं झाली, गाडीत एक दिवा पेटू दिला न्हाई त्यांनी."

मागच्या सीटवर त्याची बायको बसली होती. मांडीवर पोर झोपलेलं.

मी म्हणालो, "गाडी आत घ्या. ताईंना सावलीत बसू द्या. वेळ लागंल."