कन्याकुमारीची पुडी

आईच्या माघारी तिची ट्रंक आवरताना कन्याकुमारीच्या रंगीत वाळूची पुडी हाती लागली, अजून न फोडलेली, आणि खारा वारा पुन्हा नाकात शिरला. नव्वदनंतरची गोष्ट. फौजेतून सुटून आलेल्या वडिलांनी लग्नात आईला दिलेला कन्याकुमारी दाखवायचा शब्द पाळायचा म्हणून कोरेगावहून जीप काढली होती आणि आम्ही किनाऱ्याकिनाऱ्यानं पाच दिवस खाली उतरत गेलो होतो. शेवटच्या खडकावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि तिन्ही बाजूंना नुसतं पाणी होतं. वडील मात्र समुद्राकडं पाठ करून घड्याळ बघत होते, कारण भावकीतल्या सामाईक विहिरीवर आमची पाण्याची पाळी परवा होती आणि ऊस तहानलेला होता. "चला, निघू." "आवं, सूर्य तरी बुडू द्या," आई म्हणाली. "सूर्य कोरेगावातबी बुडतोय." आईनं जाता जाता तेवढी ही पुडी घेतली आणि जीपमध्ये बसली. जीप कितीही दामटली तरी पोचेपर्यंत पाळी होऊन गेलीच होती. चुलत्यानं आमचा ऊस आधीच भिजवून ठेवला होता. "मग काय जळू द्यायचा व्हय?" तो हसत म्हणाला. आई हसली नाही. आज पुडी ट्रंकेत परत ठेवली, आणि तेवढ्यातही माझी नजर घड्याळाकडं गेली.