आजीच्या फोटोवरचा मोगरा

आज आजीचं वर्षश्राद्ध. आत्याने तिच्या फोटोला मोगऱ्याचा भरगच्च हार घातलाय. घरभर वास सुटलाय.

हा मोगरा आजीनेच गच्चीत लावलेला. संध्याकाळी कळ्या खुडून ती आम्हा सगळ्यांसाठी गजरे करायची आणि मग नुसती बोटं हुंगत बसायची. आजोबा गेल्यापासून तिने गजरा माळला नव्हता. माझ्या साखरपुड्याला मी हट्टाने तिच्या अंबाड्यात खोवला, तर हीच आत्या म्हणाली, "आई, काढ तो. लोक काय म्हणतील?" आजीने मुकाट्याने काढला आणि माझ्याच केसांत माळला.

बाई भिंतीवर गेली की तिने काय माळावं यावर कुणाची हरकत उरत नाही.

हार सारखा करून आत्या डोळे पुसते. "आईला मोगरा फार आवडायचा गं," मला सांगते.

म्हणजे आत्याला माहीत होतं.