पत्रिकेवरचे कोंबडे

विमान शिकागोला उतरायच्या आधीच निखिलने, म्हणजे माझ्या लेकाने, मला दम भरला. "आई, प्लीज, तिथे जाऊन सीन क्रिएट करू नकोस." मी खिडकीबाहेर बघितलं. खाली एवढं थोरलं तळं, की पलीकडचा काठच दिसेना.

सीन कसला? मी लग्नपत्रिकेवरचे दोन कोंबडे उतरवायला निघाले होते, इतकंच. निखिलची होणारी बायको आनिया पोलिश घरातली. पत्रिकेसाठी तिची आजी विचिनांकी (कागद कातरून केलेली नक्षी) करणार होती आणि तिच्यात कोगुत (कोंबडा) हवाच, जोडीने, असा आजीचा हट्ट. पोलिश लोकांचा हा लाडका. ताटांवर, भिंतींवर, अगदी अंड्यांवरही रंगवतात. अंड्यावर कोंबडा! असो. पण आमच्या नागपुरात कोंबडा छापलेला कागद हाती आला, तर लोक त्यावर मुहूर्त नाही, रश्श्याचा भाव शोधतील. जाऊबाई तर वर्षभर हसल्या असत्या. मला मोर हवे होते.

आजीबाईंचं घर बुटकं, विटांचं. त्यांना सगळे बाबचा (आजी) म्हणतात. नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्यापुढे पिएरोगी (बटाटा भरून उकडलेल्या करंज्या) ठेवल्या. नऊ खाल्ल्या. दहावी नको म्हटल्यावर त्यांनी दोन वाढल्या. या बाबतीत त्या थेट आमच्यातल्या.

मग मी विषय काढला. बाबचांना इंग्रजी जेमतेम, म्हणून आनिया मध्ये. मोरांचं ऐकून त्या काहीतरी बोलल्या आणि आनिया गोरीमोरी झाली.

"काकू, आजी म्हणते, मोर हवे असतील तर तुम्हीच कापा."

माझ्या हातात मेंढ्यांची लोकर कापायची कात्री आली. इतक्या नाजूक कामाला असलं हत्यार! कागद मधोमध दुमडायचा, अर्धंच चित्र कापायचं. उलगडलं की झाडाच्या दोन बाजूंना दोन पक्षी समोरासमोर. तासभर मान मोडून कापलं. उलगडायला गेले, तर हातात दोन तुकडे. घडीची बाजूच मी कापून टाकली होती.

"इट्स ओके, आई," निखिल म्हणाला. शकुन-अपशकुन मानत नाही, असं मी जन्मभर सांगत आलेय. त्या क्षणी मानत होते. लेकाची जोडी मीच तोडली असं वाटून डोळ्यांत पाणी आलं.

बाबचांनी दोन्ही तुकडे लाल कागदावर शेजारी शेजारी चिकटवले आणि मधल्या फटीवर हिरव्या कागदाचं झाड डकवलं. फट दिसेनाशी झाली. मग चष्मा लावून माझे मोर न्याहाळले आणि चक्क इंग्रजीत म्हणाल्या, "व्हेरी गुड कोगुत!"

आनिया त्यांना दुरुस्त करणार, तेवढ्यात मी नीट बघितलं. आखूड मान, झुबकेदार शेपटी, डोक्यावर तुरा. खरंच कोंबडेच होते ते. मी आनियाचा हात दाबला. बाबचांनी माझे गाल दोन्ही हातांत धरले, आणि मला त्या फार आवडल्या.

लोक अमेरिकेहून काय काय जिंकून येतात. मी साफ हरले, वर पत्रिकांचा गठ्ठा घेऊन नागपूरला परतले. पहिली पत्रिका जाऊबाईंच्या हातात दिली.

"अगं, हे कोंबडे कशाला?" त्या फिदीफिदी हसायला लागल्या.

"कोंबडेच आहेत, ताई," मी म्हटलं. "मी कापलेत."