भाऊंची परत आलेली बाटली

मित्रांनो, मी एचआयव्हीच्या औषध केंद्रात समुपदेशक आहे. आज दिग्रसकडच्या एक काकू आल्या. नवऱ्याची, म्हणजे आमच्या भाऊंची, गोळ्यांची अर्धी उरलेली बाटली टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मोजून घ्या मॅडम, एक बी गोळी नाई चुकवली त्यायनं."

भाऊ मागच्या आठवड्यात हार्ट अटॅकनं गेले.

इतकी वर्षं मी त्यांच्या गोळ्याच मोजल्या. विषाणू आटोक्यात, म्हणून शाबासकी दिली. तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा दिसायचा, तरी हसून सोडून द्यायचे. बीपी मोजायची रांग दुसऱ्या इमारतीत. ते म्हणायचे, "एसटी सुटते मॅडम." मी म्हणायचे, "बरं, पुढच्या वेळी मोजू."

आज गोळ्या मोजल्या. बरोबर भरल्या.

काकूंनी विचारलं, "मंग काहून गेले ते?"

तुम्ही काय सांगितलं असतं?