एस म्हणजे सेकंड

वीज मीटरच्या टेस्टिंगमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत, टेबलावरच्या धुळीसारखे आपोआप साचतात. मित्र ऐकून पोट धरून हसतात. मला मात्र संताप येतो, कारण या विनोदांपायी कळमेश्वरच्या सुनंदाताई गावात चोर ठरल्या होत्या.

त्यांची डाळ मिल आहे. एवढ्या मोठ्या कनेक्शनचा करंट थेट मीटरला झेपत नाही. सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, तो कमी करून मीटरला देतो. सीटी किती अचूक, हे त्याचा क्लास सांगतो. आकडा जितका लहान, तितका सीटी चांगला. पुढे ‘एस’ असेल, तर करंट अगदी थोडा असतानाही भरवशाचा. एवढं सोपं आहे हो!

*

मिलसाठी मी ‘०.२ एस’ लिहून दिलं होतं. स्टोअरच्या गुल्हानेंनी पाठवला साधा ०.५!

फोन केला, तर म्हणाले, “एस म्हणजे सेकंड ना? सेकंडचा माल आपण काहून घ्याचा? आणि ०.५ तं ०.२ पेक्षा मोठा आहे. तुमचा फायदाच केला मी!”

वर आभाराची अपेक्षा!

*

तक्रार घेऊन आमच्या साहेबांकडे गेलो. साहेब इंजिनिअर, केबिनमध्ये डिग्री फ्रेम करून लावलेली. म्हणाले, “अरे, पॉइंटनंतरचाच फरक आहे ना? पॉइंटच्या आधीचं काही असेल तेव्हा ये!”

मी दार आपटून बाहेर आलो. तोच सीटी बसला.

*

पुढे मोठ्या अधिकाऱ्यांचं इन्स्पेक्शन निघालं. सगळं चकाचक करायचा हुकूम सुटला. पेंटरनं सीटीलाही करडा रंग फासला, नेमप्लेटसकट! क्लास गायब!

विचारलं, तर म्हणतो, “भाऊ, पाटी लय जुनी दिसून राहिली होती.”

अधिकाऱ्यांनी रंगाची तारीफ केली.

*

मग ताईंचं मीटर पडताळणीसाठी खांबावर लावलेल्या चेक मीटरशी जुळेना. मिल जोरात चालली की ठीक, काम थोडं असलं की मीटर कमी दाखवायचं. भरारी पथकाच्या साहेबांनी सीटीकडे पाहिलंसुद्धा नाही. भर चौकात ओरडले, “बाई हुशार आहे! थोडी थोडी चोरते!”

शेजारणी बोलेनाशा झाल्या. मिलमधली माणसं नजर चुकवू लागली. ताईंनी मला एवढंच विचारलं, “भाऊ, तुम्ही तरी नीट तपासून राहिले ना?” रक्त उकळत होतं माझं.

सीटी लॅबमध्ये आणला, रंग खरवडला, टेस्ट केली. थोड्या करंटवर तोच कमी मोजत होता.

*

रिपोर्ट घेऊन पथकाचे साहेब मिलमध्ये गेले. मी सोबत होतो. आत यंत्रांचा नुसता खडखडाट. साहेब ताईंच्या कानाशी वाकून पुटपुटले, “ताई, चूक सीटीची निघाली. तुमच्यावर काही नाही. विषय संपला.”

“ऐकू नाही आलं जी,” ताई म्हणाल्या. “थांबा.”

त्या उठल्या आणि मेन स्विच खाली ओढला. मिल थांबली. सगळी माणसं हातातलं काम टाकून इकडे पाहू लागली.

“हं, आता बोला जी साहेब. चौकात बोलले होते, तसं!”