न ढवळलेला काढा

‘ढवळलंस ना नीट?’ असं दिनकररावांनी विचारलं आणि मी पटकन ‘हो’ म्हणालो. मी ढवळलं नव्हतं. ऑफिसचा फोन आला होता, बोलण्याच्या नादात राहूनच गेलं होतं. ‘हो’ म्हणून झाल्यावर ओट्यावर धुऊन ठेवलेला लांब दांड्याचा डाव दिसला, अगदी कोरडा. मी त्यावर हळूच फडकं टाकलं.

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी दिनकररावांच्या पत्नीचा, शालिनीवहिनींचा, फोन आला. ‘हे उठलेच नाहीत हो...’ एवढंच त्या म्हणाल्या. खातीपुऱ्याला त्यांच्या घरी जाताना मी रडलो, पण रडण्याच्या आधी मनात आलं ते असं, की बरं झालं, सांगून झालं होतं. त्याची लाज वाटते. पण सुटल्यासारखं वाटलं, आजही वाटतं, हे खरं आहे.

विम्याच्या नोकरीत बदली होऊन मी सांगलीहून जयपूरला आलो, वैशाली नगरात घर घेतलं. दिनकरराव मराठी मंडळींच्या गणपतीत भेटले. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, चाळीस वर्षं इथेच राहिल्यामुळे दर तिसऱ्या वाक्यात ‘मतलब’. मला घरी बिअर करायचा नाद होता, पण सगळं अंदाजपंचे. त्यांनी पहिल्याच दिवशी मोजमापांच्या नोंदींची वही मागितली. ‘वही नाही? मतलब, तू काय कढी करतोस का?’ त्यानंतर दर महिन्याला एका रविवारी ते स्कूटरवरून यायचे, पिशवीत पंच्यात गुंडाळलेला, द्रवाची घनता मोजायचा काचेचा हायड्रोमीटर असायचा. माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, तयार अर्क वजन करून घ्यायचा, थोड्या पाण्यात उकळायचा, मग फ्रिजचं गार पाणी घालून वीस लिटर करायचं. यीस्ट घालण्याआधी त्या काढ्याची घनता मोजायची, कारण बिअर किती कडक होणार ते या पहिल्या आकड्यावरून कळतं. नमुन्याची नळी बर्फाच्या पाण्यात ठेवून ते वीस अंशांची वाट बघत बसायचे. मग रवी फिरवावी तसा हायड्रोमीटर दोन बोटांत फिरवायचे, बुडबुडे झटकले जावेत म्हणून, आणि डोळा थेट पातळीपाशी नेऊन आकडा वाचायचे.

त्या रविवारी नमुना मी पळीने वरच्यावर काढून दिला होता. यायला हवे होते १.०४८, आले १.०३२. आता कळतं, जड अर्क तळाशी होता आणि वर नुसतं पाणचट. तेव्हाच त्यांनी मला तो प्रश्न विचारला होता. माझं ‘हो’ ऐकल्यावर त्यांनी नळी पुन्हा डोळ्यापाशी धरली. ‘अर्कातली साखर ठरलेली, पाणी ठरलेलं. मतलब, आकडाही ठरलेला. वजन मीच केलं होतं ना... काट्यावरचं मला नीट दिसलं नसणार.’ मी म्हणालो, ‘जाऊ द्या हो, बिअरच तर आहे.’

पण त्यांनी ते जाऊ दिलं नाही. आयुष्यभर ज्यांच्या आकड्यावर लोक पाणी प्यायले, त्यांनी हायड्रोमीटर माझ्या हातात ठेवला. ‘तुझे डोळे चांगले आहेत, तू ठेव.’ महिनाभरात स्कूटर विकली. काट्यावरचा आकडा दिसत नाही, त्याला समोरची गाडी काय दिसणार, असं म्हणाले. मग ई-रिक्षाने एक-दोनदा आले, नंतर येणं थांबलंच. ती बिअर तयार झाली तेव्हा अर्ध्या ग्लासात माझी बायको म्हणाली, ‘अहो, ही तर नेहमीइतकीच कडक आहे!’ त्यांचं वजन बरोबर होतं याचा पुरावा माझ्या हातात होता. रोज ठरवायचो, उद्या सांगू. असे सहा महिने गेले.

तो हायड्रोमीटर आता माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो, त्याच पंच्यात. ते जाण्याच्या वीसेक दिवस आधी मी तो घेऊन त्यांच्याकडे गेलो. सोबत यीस्ट न घातलेल्या ताज्या काढ्याच्या दोन बाटल्या होत्या, एकाच भांड्यातल्या, एक वरून भरलेली आणि एक तळाच्या नळातून.

पहिली बाटली मी नळीत ओतली आणि म्हणालो, ‘वाचा.’

‘मला दिसत नाही रे.’

‘वाचा तर.’

त्यांनी चष्मा पुसला. बोटांनी हायड्रोमीटर फिरवला. ‘बत्तीस.’ मग दुसरी. ‘बासष्ट.’ दोन्ही आकडे मी घरी वाचून आलो होतो, तेच होते. ते माझ्याकडे बघायला लागले. ‘एकाच भांड्यातलं? मतलब... ढवळलं नाहीस तू.’

‘आज मुद्दाम नाही ढवळलं. आणि त्या दिवशीही नव्हतं. मी खोटं बोललो.’

ते एकदम आतल्या खोलीकडे वळून ओरडले, ‘अगं ऐकलंस का! हा गाढव ढवळत नाही, आणि मी सहा महिने रिक्षाने फिरतोय!’ आतून वहिनींचं हसू ऐकू आलं. मला मात्र हसता येईना. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, ‘दिनकरराव, तुमचे डोळे चांगलेच होते. माझी जीभ खोटी होती. मला माफ करा.’