जड बटणं

कर्जतच्या कचेरीबाहेर बसून मी लोकांचे अर्ज टाइप करायचो. टाइपरायटर दुरुस्त करणारा कडावहून दर बुधवारी सायकलवर यायचा आणि दर बुधवारी आमचे खटके उडायचे. बटणं जड ठेवली की माझी बोटं दुखत, हलकी केली की अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकत. हा आपला अंगठ्यानं एकेक बटण दाबून, डोळे मिटून म्हणायचा, "लोणी हाय लोणी." डोंबलाचं लोणी!

एकदा मी कावलोच. "अहो, आज तर बटणं खालीच जात नाहीत!"

त्यानं यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. "आज कोणाचा अर्ज हाय?"

"माझाच. सख्ख्या भावाविरुद्ध, बांधावरून."

"मग मशीन ठीक हाय," म्हणत त्यानं पक्कड पिशवीत टाकली.